चार क्लब गेले, मैदान राहिलं : मुलांना फुटबॉल क्लब आणि ‘घरचं मैदान’ कसं समजावून सांगाल?



आज नेहमीपेक्षा जरा वेगळा विषय घेतला आहे. आमच्या शनिशिंगणापूरच्या परिसरात या, नाहीतर नेवासे तालुक्यातल्या कुठल्याही वाडी-वस्तीवर जा. शाळेच्या पटांगणावर दोन-चार मुलांच्या अंगात मेस्सी किंवा रोनाल्डोचं नाव छापलेला टी-शर्ट दिसतोच. मुलांना बार्सिलोना माहीत असतं, रिअल माद्रिद माहीत असतं, कोणत्या खेळाडूने कोणता क्लब सोडला हेही तोंडपाठ असतं. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, आपला क्लब कोणता?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपण अडखळतो. आपल्याला सगळ्यात जवळचा व्यावसायिक फुटबॉल क्लब पुण्यात होता. बालेवाडीचं मैदान हे त्याचं घर होतं. तो क्लब २०१९ मध्ये पुण्यातून गेला. त्याच्या आधी त्याच मैदानाला घर म्हणणारे आणखी तीन क्लब बंद पडले होते. मैदान मात्र आजही तिथेच आहे.

असं का होतं, हे समजून घेतलं तर मुलांना खेळाबरोबरच गणित, नागरिकशास्त्र आणि व्यवहार असं बरंच काही शिकवता येतं. म्हणून हा लेख.

संघ वेगळा, क्लब वेगळा

मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्यांना वाटतं, अकरा खेळाडू म्हणजे क्लब. तेव्हा शाळेचंच उदाहरण द्यावं. तालुका स्पर्धेला आपण शाळेचा कबड्डीचा संघ निवडतो. स्पर्धा संपली की तो संघ मोडतो, पण शाळा चालूच राहते. शाळेत वर्ग आहेत, शिक्षक आहेत, दाखल्यांचं रजिस्टर आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, माजी विद्यार्थी आहेत. क्लब हा शाळेसारखा असतो. मुख्य संघ, त्याखाली वेगवेगळ्या वयोगटांतले संघ, प्रशिक्षक, फिजिओ, हिशेब ठेवणारे, तिकिटं विकणारे आणि त्या क्लबला आपला मानणारी माणसं, हे सगळं मिळून क्लब होतो.

‘व्यावसायिक’ क्लब म्हणजे जिथे खेळणं ही खेळाडूची नोकरी असते. त्याचा लेखी करार असतो, पगार ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते. खेळाडू क्लब बदलतो म्हणजे काय, हेही मुलं विचारतात. आपल्या गुरुजींची बदली होते तसं ते नसतं! कराराची मुदत संपायच्या आधी खेळाडू न्यायचा असेल, तर नवा क्लब जुन्या क्लबला पैसे मोजतो. मुदत संपली असेल तर खेळाडू मोकळा.

आता लीग म्हणजे काय ते पाहू. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ घरी जातो. लीगमध्ये प्रत्येक क्लब दुसऱ्या प्रत्येक क्लबशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यात आठ क्लब होते : कोलकाता, चेन्नई, दिल्ली, गोवा, केरळ, मुंबई, ईशान्य भारत आणि पुणे. फळ्यावर मांडा. प्रत्येक क्लबला सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी दोन सामने, म्हणजे १४ सामने. त्यातले ७ घरी, ७ बाहेर. एकूण साखळी सामने किती? मुलं पटकन ८ × १४ = ११२ म्हणतील. पण प्रत्येक सामन्यात दोन क्लब असतात, म्हणून निम्मे करायचे. ५६. पाचवी-सहावीच्या मुलांना हा ‘निम्मे का?’ प्रश्न विचारून बघा, चांगली चर्चा होते.

मैदान किती मोठं आणि कोणाचं?

शेतकऱ्याच्या पोराला मीटरपेक्षा गुंठा लवकर कळतो. मोठ्या सामन्यांसाठी फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे मैदान झालं सत्तर गुंठ्यांच्या आसपास, पावणेदोन एकर. “तुमच्या उसाच्या पट्टीएवढं!” असं म्हटलं की वर्गातले डोळे चमकतात. मैदानाभोवती धावण्याची ४०० मीटरची पूर्ण धावपट्टी असेल तर तेवढ्यालाच चार एकरांच्या आसपास जागा लागते, आणि प्रेक्षक खेळापासून बराच लांब बसतो. बालेवाडीच्या मुख्य स्टेडियममध्ये अशी धावपट्टी आहे. अंधेरीच्या फुटबॉल मैदानात ती नाही, त्यामुळे तिथे प्रेक्षक खेळाडूच्या अगदी जवळ असतो.

आता महत्त्वाचा प्रश्न : ‘घरचं मैदान’ म्हटलं म्हणजे ते क्लबच्या मालकीचं असतं का?

बहुतेक मुलांना आणि मोठ्यांनाही तसंच वाटतं. आपल्याकडे मात्र चित्र वेगळं आहे. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल महाराष्ट्र शासनाचं आहे. अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल, ज्यातल्या मैदानाला ‘मुंबई फुटबॉल एरिना’ म्हणतात, ते मुंबई महानगरपालिकेचं आहे. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, म्हणजे एफसी गोवाचं घर, गोव्याच्या सरकारी क्रीडा प्राधिकरणाकडे आहे. क्लब तिथे भाडेकरू असतो. सामन्याच्या दिवशी फलक, रंग, झेंडे सगळे क्लबचे. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवायचं.

मग त्याला घर का म्हणायचं? आमच्या शिंगणापुरात बाहेरून आलेला पाहुणा हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. इथल्या जुन्या घरांना चौकट आहे, पण दाराला फळी नाही. २०११ मध्ये गावात युको बँकेची शाखा उघडली, तीही कुलपाशिवाय. पाहुण्याला नवल वाटतं की असं घर राहतं कसं? ते राहतं, कारण गावातले सगळे त्याला घर मानतात आणि तसं वागतात. फुटबॉलच्या मैदानाचंही बरंचसं असंच आहे. सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो, दर पंधरवड्याला त्याच जागी येऊन बसणारी माणसं त्याला घर करतात. फक्त एक गोष्ट विसरायची नाही, असं घर उभं राहायला वर्षं लागतात.

बालेवाडीची गोष्ट

पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी इथलं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. जलतरण, नेमबाजी, कुस्ती, ॲथलेटिक्स असे अनेक खेळ एकाच आवारात. राज्याची क्रीडा प्रबोधिनीही तिथे आहे, जिथे निवडलेली मुलं राहून शिकतात आणि सराव करतात.

याच संकुलातल्या मुख्य स्टेडियमला काही वर्षांच्या काळात चार व्यावसायिक क्लबांनी आपलं घर केलं.

पहिला पुणे एफसी. २००७ मध्ये एका उद्योगसमूहाने हा क्लब काढला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, तो दुसरा आला. लहान वयोगटांच्या संघांवर या क्लबने चांगलं काम केलं होतं. २०१५ मध्ये तो बंद झाला.

दुसरा भारत एफसी. २०१४ च्या अखेरीस जाहीर झाला, एक हंगाम खेळला आणि थांबला.

तिसरा डीएसके शिवाजीयन्स. पुण्यातल्या जुन्या शिवाजीयन्स क्लबला एका बांधकाम समूहाची जोड मिळाली आणि तो आय-लीगमध्ये पोहोचला. २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम खेळला. पुढे तोही दिसेनासा झाला.

चौथा आणि सगळ्यात गाजलेला एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी स्थापन झाला. मालकांमध्ये अभिनेता हृतिक रोशनचंही नाव होतं. पहिल्याच हंगामात दाविद त्रेझेगे हा फ्रान्सचा खेळाडू पुण्याकडून खेळला. १९९८ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या फ्रेंच संघात तो होता. २०१७-१८ मध्ये क्लब साखळीत चौथा आला आणि पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. तिथे बेंगळुरूकडून हरला, पण पुण्याला वाटलं, आता जमतंय. नारिंगी कपडे घालून, ढोल वाजवत येणारा पाठीराख्यांचा एक गट तयार झाला होता.

आणि २०१९ च्या उन्हाळ्यानंतर क्लबच उरला नाही. आर्थिक अडचणी वाढल्या. त्याची लीगमधली जागा नव्या मालकांकडे गेली आणि हैदराबाद एफसी या नावाने नवा क्लब सुरू झाला. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज हा क्लबही दिल्ली सोडून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबादने फातोर्डाच्या मैदानावर केरळला पेनल्टीवर हरवून लीगचा करंडक जिंकला. पुण्यात ढोल वाजवणाऱ्या त्या पोरांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार वर्गात जरूर करायला लावा. ‘भावना ओळखा’ या घटकाला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

क्लब का बुडतात? एक सोपा हिशेब

मुलांना सांगा, आपण एक क्लब चालवायला घेतलाय. तिकीट सरासरी २०० रुपये. प्रत्येक सामन्याला ८,००० माणसं आली, म्हणजे चांगलीच आली. एका सामन्याचे झाले १६ लाख रुपये. हंगामात घरचे ९ सामने धरा. एकूण १ कोटी ४४ लाख. ऐकायला मोठी रक्कम आहे.

आता खर्च. इंडियन सुपर लीगमध्ये एका हंगामासाठी खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घातलेली असायची, आणि काही हंगामांत ती साडेसोळा कोटी रुपये होती. म्हणजे वर मांडलेली तिकिटांची सगळी कमाई पगाराच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. शिवाय विमानप्रवास, हॉटेलं, मैदानाचं भाडं, सुरक्षा, प्रशिक्षक, डॉक्टर आणि लीगला द्यायची फी आहेच.

मग पैसा येतो कुठून? जाहिरातदारांकडून, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन, आणि उरलेला मालकाच्या खिशातून. भारतात हा ‘उरलेला’ भाग फार मोठा असतो. मालकाच्या मूळ धंद्याला धाप लागली की क्लबचा श्वास आधी बंद होतो. मैदान भाड्याचं असल्यामुळे सामना नसलेल्या दिवशी तिथे दुकान, संग्रहालय किंवा कार्यक्रम करून कमाई करणंही क्लबच्या हातात नसतं.

अंधेरी : सात हजार खुर्च्यांचं घर

मुंबई सिटी एफसीही २०१४ चाच. रणबीर कपूर हा त्याचा एक मालक. पहिले दोन हंगाम हा क्लब नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. स्टेडियम भव्य, पन्नास हजारांच्या आसपास माणूस मावेल असं, पण मूळचं क्रिकेटसाठी बांधलेलं. दहा-बारा हजार माणसं आली तरी ते रिकामंच दिसायचं. २०१६ मध्ये क्लब अंधेरीला आला. तिथली क्षमता जेमतेम सात हजारांची, पण भरलं की आवाज थेट मैदानात उतरतो. दहा बाय दहाच्या खोलीत तीस मुलं आणि मोठ्या सभागृहात तीस मुलं, यांतला फरक आपल्याला कोणी सांगायला नको.

प्रेक्षकांनी काय बदलतं, हे याच अंधेरीच्या मैदानाने २०१८ च्या जूनमध्ये दाखवून दिलं. चार देशांची एक स्पर्धा तिथे होती. १ जूनला भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास! दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक साधा व्हिडिओ टाकला. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या, अशी हात जोडून विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्ध सामना होता, छेत्रीचा देशासाठीचा शंभरावा. तिकिटं संपली. भर पावसात स्टेडियम भरलं. भारत ३-० जिंकला, छेत्रीने दोन गोल केले. मैदान तेच, गवत तेच, खेळाडूही जवळपास तेच. तीन दिवसांत फक्त माणसं वाढली होती.

याची दुसरी बाजू करोनाच्या वर्षी दिसली. २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांशिवाय झाला. ‘घरचा’ आणि ‘बाहेरचा’ सामना फक्त कागदावर. नेमक्या याच हंगामात मुंबई सिटीने साखळीतलं पहिलं स्थानही पटकावलं आणि १३ मार्च २०२१ ला एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून करंडकही जिंकला. शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि तो बघायला मुंबईचा एकही पाठीराखा स्टेडियममध्ये नव्हता. क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा आनंद घराबाहेर, रिकाम्या खुर्च्यांसमोर साजरा झाला.

त्या यशामुळे क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये त्याने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल डोक्याने मारणारा राहुल भेके हा मुंबईतच वाढलेला खेळाडू. मुलांना हे नाव आवर्जून सांगा. पोस्टरवर नेहमी परदेशीच चेहरे असतात.

आणि आता बालेवाडीकडे परत या. २०२३ मध्ये मुंबई सिटी पुन्हा आशियाई स्पर्धेत उतरली, तेव्हा अंधेरीचं मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसलं नाही. मग मुंबईच्या क्लबने ‘घरचा’ सामना कुठे खेळला? १८ सप्टेंबर २०२३ ला इराणच्या नस्साजीविरुद्धचा सामना पुण्यात, बालेवाडीला झाला. चार क्लबांचं घर राहिलेलं मैदान पाचव्या क्लबलाही उपयोगी पडलं. त्याआधी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे सामनेही बालेवाडी, अंधेरी आणि नवी मुंबईत झाले होते. सार्वजनिक मैदान नीट सांभाळलं तर ते असं कुणाच्याही कामी येतं. हा मुद्दा नागरिकशास्त्रात जरूर घ्या.

क्लबचा मालक कोण? साखर कारखान्याचं उदाहरण

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हा भाग फार लवकर कळेल. प्रवरानगरला १९५० मध्ये आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. आज सोनई, भेंडे अशा आसपासच्या गावांतही सहकारी कारखाने आहेत. मुलांच्या घरात कोणी ना कोणी सभासद असतं. सभासद म्हणजे काय, वार्षिक सभा म्हणजे काय, संचालकांची निवडणूक म्हणजे काय, हे त्यांना ऐकून माहीत असतं.

मग सांगा : बार्सिलोना क्लब असाच आहे. त्याचे लाखाहून जास्त सभासद आहेत. ते वर्गणी भरतात आणि अध्यक्ष मतदानाने निवडतात. जर्मनीत तर नियमच आहे की, काही अपवाद सोडले तर, क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत. इंडियन सुपर लीगचे बहुतेक नवे क्लब मात्र खासगी कंपन्या आहेत. मालकाला परवडेनासं झालं की तो क्लब विकू शकतो, दुसऱ्या शहरात हलवू शकतो. पुण्याच्या पाठीराख्यांना कोणी मत विचारलं नाही, कारण त्यांना मतच नव्हतं.

सभासदांच्या हातात क्लब असला की सगळं आलबेल, असंही नाही बरं का. सहकारात काय काय होतं ते आपण जवळून बघतो! बार्सिलोनाही कर्जात रुतलेला क्लब आहे. पण तो उचलून दुसऱ्या गावाला नेता येत नाही, हा फरक मोठा आहे.

लंडनमध्ये विम्बल्डन नावाचा जुना फुटबॉल क्लब होता. त्याला दूरच्या मिल्टन कीन्स शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी काय केलं? त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, बऱ्याच खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेन भागात नवं स्टेडियम बांधून परत आले. अठरा वर्षं लागली.

आपल्याकडे असं मूळ धरलेलं फुटबॉल पाहायचं तर कोल्हापूरला जावं. तिथले क्लब तालमींतून आले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, ही नावंच सांगतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात. हे क्लब सुपर लीगमधल्यासारखे श्रीमंत नाहीत, त्यांच्यामागे सिनेनट नाहीत. पण पुण्यात चार क्लब आले आणि गेले, त्याच काळात कोल्हापूरच्या तालमी खेळतच राहिल्या. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

पालकांचा प्रश्न : यावर पोट भरतं का?

पालक सभेत हा प्रश्न येतोच, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला हवं. सुपर लीगमध्ये तेरा-चौदा क्लब. प्रत्येकाकडे पंचवीस-तीस खेळाडू, त्यांतले पाच-सहा परदेशी. म्हणजे सगळ्या देशातून तीनशे-साडेतीनशे भारतीय खेळाडूंना वरच्या लीगमध्ये जागा. त्याखाली दुसऱ्या स्तराची लीग आणि राज्यांच्या लीग आहेत, पण तिथे पगार कमी. शिवाय नोकरीची हमी किती, ते पुण्याच्या गोष्टीत दिसलंच. २०२५ च्या जुलैमध्ये तर लीग चालवणाऱ्या कंपनीने, महासंघाशी असलेला करार संपत आल्याचं कारण देऊन, पुढचा हंगामच थांबवून ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. छेत्रीसारख्या खेळाडूचा क्लबही त्यात होता.

म्हणून मुलाला खेळू द्या, पण शिक्षण सोडून नको. खेळाच्या जोरावर बाकीच्याही वाटा उघडतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. पंच, प्रशिक्षक, फिजिओ, मैदानाची निगा राखणारा, सामन्याचं विश्लेषण करणारा, ही सगळी कामं शिकलेल्या माणसाचीच आहेत. आणि मुलीला खेळायला पाठवताना तर मुळीच मागेपुढे पाहू नका. शालेय स्तरावरच्या सुब्रतो कपमध्ये मुलींचाही गट असतो आणि त्यात उतरणारे मुलींचे संघ आपल्याकडे अजून कमी आहेत.

वर्गात आणि पटांगणावर काय घेता येईल?

१. मोजणी : आपल्या शाळेचं पटांगण मीटर टेपने मोजा, गुंठ्यांत करा. त्यात फुटबॉलचं पूर्ण मैदान बसतं का? नसेल तर पाच-पाच जणांच्या खेळाचं किती मोठं बसेल? आखणी मुलांनीच फक्कीने करायची.

२. साखळी सामने : वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाने पटांगणाचा एक कोपरा ‘घर’ म्हणून घ्यायचा. वेळापत्रक मुलांनी तयार करायचं. एकूण सामने किती? चार गट, दोनदा, म्हणजे १२. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. गुणतक्ता वर्गात लावायचा.

३. क्लबची सभा : प्रत्येक गटाने अध्यक्ष, खजिनदार आणि मैदान सांभाळणारा निवडायचा. आठवड्याला एक सभा, इतिवृत्त वहीत. चेंडूत हवा कोणी भरायची, कोपरा कोणी झाडायचा, हे सभेत ठरवायचं.

४. नकाशा : महाराष्ट्राच्या नकाशात बालेवाडी, अंधेरी, कूपरेज, नवी मुंबई आणि कोल्हापूर दाखवा, शेजारी गोव्यात फातोर्डा. आपल्या गावापासून अंतर काढा.

५. चर्चा : “क्लब दुसऱ्या शहरात न्यायचा असेल तर पाठीराख्यांना विचारायला हवं का?” दोन्ही बाजू मांडू द्या. मालकाचे पैसे जातात हेही खरं आहे. निकाल आपण द्यायचा नाही.

दोन नंबरचा उपक्रम करताना एक गोष्ट दिसते. पहिल्या दिवशी मुलं कोपऱ्यावरून भांडतात, कारण एक कोपरा खडकाळ असतो. दुसऱ्या आठवड्यात ज्यांना खडकाळ कोपरा मिळाला ती मुलं सुट्टीत दगड वेचायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गटातलं पोर तिथून सायकल घालायला लागलं की “ए, आमच्या मैदानातनं नको!” असं ओरडतात. कोणी शिकवलेलं नसतं.

आपल्या जिल्ह्यात व्यावसायिक क्लब उद्या येईल की नाही, हे आपल्या हातात नाही. शाळेचं पटांगण मात्र आहे. लग्नाला, सभेला, गाड्या लावायला ते वर्षभरात कितीदा दिलं जातं आणि त्यानंतर खड्डे कोण बुजवतं, हा विषय पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्या. पालकहो, तुम्हीही त्या समितीत असता. मुलांनी मोजलेला पटांगणाचा नकाशा त्या दिवशी टेबलावर ठेवा.